एका होडीत मावेल तेवढं लग्न

पळून जाऊन लग्न करायचं आणि त्यासाठी आधी वडीलधाऱ्यांची बैठक बसवायची, हा प्रकार दौंड तालुक्यात त्याआधी कुणी ऐकला नव्हता. पण शब्द अनुपमाचाच होता. दिवाळीत, सगळं घर गोडधोड खाऊन सुस्तावलेलं असताना, ती म्हणाली होती, "तुम्ही तीन हजार माणूस बोलावणार असाल तर मी पळून जाऊन लग्न करते."

बापूसाहेबांना राग यायच्या आधी नवल वाटलं. "अगं पण पळतीस कुणापासनं? पोरगा आम्हाला पसंत हाय. त्याच्या आईबापाला तू पसंत हायस. शिरूरला जाऊन सुपारी फोडून आलो की आपण."

"तुमच्या मांडवापासून पळते, आप्पा."

त्यावर नऊ दिवस बापूसाहेब लेकीशी बोलले नाहीत. ती सणसवाडीच्या कारखान्यात नोकरीला, शिक्रापुरात खोली घेऊन राहणारी. त्यातले सहा दिवस ती घरात नव्हतीच. तरी बापूसाहेबांनी अबोला नेमाने पाळला. दहाव्या दिवशी चहाची बशी तोंडाला लावत, भिंतीवरच्या कॅलेंडरला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "किती माणसं म्हंतीस मग?"

"एका होडीत मावतील तेवढी."

"आन् सोसायटीचा चेअरमन म्हणून मी आजवर ज्यांच्या मांडवात जेवलोय त्यांनी?"

"त्यांना दुसऱ्या दिवशी घाला की जेवायला. पाहिजे तेवढ्या पंगती उठू द्या. शेवटच्या पंगतीपर्यंत मी आणि स्वराज हात जोडून उभे राहतो. पण लग्न लागताना मला लाउडस्पीकर नको, सत्कार नको. टेकावर, यमाईच्या देवळापुढं. एक होडी, एक खेप."

टेकाचं नाव निघालं आणि बापूसाहेब विरघळले, हे फक्त त्यांच्या बायकोच्या लक्षात आलं. जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं तेव्हा गावातलं एवढं टेकच काय ते वर राहिलं होतं. चारी बाजूंनी पाणी, मधे यमाईचं दगडी देऊळ, दोन कडुनिंब आणि पायऱ्या, ज्या खाली खाली जात पाण्यात बुडायच्या. त्या पायऱ्यांच्या तळाशी, आता जिथे मासे फिरतात तिथे, बापूसाहेब आणि कस्तुराबाईंचं लग्न लागलं होतं. बापूसाहेब ते बोलून दाखवणारे गडी नव्हते. "देवीपुढं व्हतंय तर होऊ द्या," एवढंच म्हणाले आणि उरलेला चहा एका घोटात प्याले.

म्हणून संक्रांतीनंतरच्या रविवारी, दोन हजार तीन साली, ही बैठक भीमेच्या फुगवट्याच्या काठावर अकबरभाईच्या अंगणात बसली होती. अकबर म्हणजे बापूसाहेबांचा जुन्या गावातला जोडीदार. गाव उठलं तेव्हा बापूसाहेबांनी बदलीची जमीन घेतली आणि अकबरने जाळं घेतलं. आता दौंडच्या बाजारात त्याची मासळी जायची आणि काठावर त्याची एकट्याचीच मोटर लावलेली मोठी होडी होती. बाकीच्या भोयांच्या होड्या दोन माणसांच्या.

सकाळी आल्या आल्या अकबरने सांगून टाकलं होतं, "मी सोडून धा माणसं. अकरावं बसलं तर मी उतरनार. आन् साडेदहाच्या आत परत निघायचं. त्यानंतर वारं सुटतं, लाटा होडीत येत्यात." मग त्याने अनुपमाला आणि स्वराजला होडीत घेतलं आणि टेकावर दोन पाट मांडण्याएवढी सपाट जागा कुठे आहे ते दाखवायला निघून गेला. मागे राहिले बापूसाहेब, त्यांची थोरली बहीण अनसाबाई, अकबरची बायको मेहरून आणि कस्तुराबाई.

आता कस्तुराबाईंच्या पोटातली गोष्ट सांगायला हवी, कारण ती त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. सगळं गाव म्हणत होतं की पोरीच्या ह्या वेडाला आईचीच फूस आहे. ते खरं होतं. नऊ दिवसांच्या अबोल्यात बापूसाहेबांच्या ताटात रोज त्यांच्या आवडीची भाजी पडत होती आणि प्रत्येक भाजीबरोबर एक वाक्य वाढलं जात होतं. आईला लेकीची हौस, असं सगळ्यांना वाटलं. पण कस्तुराबाईंना स्वतःची हौस होती. त्यांना आपल्या लेकीचं लग्न डोळ्यांनी बघायचं होतं.

ह्यात काय मोठंसं, असं कुणी म्हणेल. पण त्यांच्या घरात नवरीच्या आईने लग्न लागताना बघू नये अशी रीत होती. आईची नजर लागते म्हणतात. अंतरपाट धरला की आईने मागल्या दारी तुळशीपुढे बसायचं आणि शेवटच्या मंगलाष्टकापर्यंत तुळशीला पाणी घालत राहायचं. थोरल्या अंजनाच्या लग्नात कस्तुराबाई तशा बसल्या होत्या. मांडव पुढे, त्या मागे. अनुपमाने दिवाळीआधीच आईपाशी टेकाचं नाव काढलं तेव्हा त्यांच्या मनात पहिला विचार आला तो असा, की टेकावर मागलं दार नाही, परसू नाही आणि तुळस तर नाहीच नाही. चारी बाजूंनी पाणी. मग मला कुठे नेऊन बसवतील? त्या विचाराने त्यांना एकटीलाच चुलीपुढे हसू फुटलं होतं आणि तीन महिने ते हसू त्यांनी पदराखाली जपलं होतं.

"तीळगूळ घ्या, गोड बोला," म्हणत मेहरूनने कस्तुराबाईंनीच आणलेला डबा सगळ्यांपुढे फिरवला. अनसाबाईंनी दोन लाडू घेतले, पण गोड बोलायचं काही मनावर घेतलं नाही. त्या केडगावाहून खास ह्या बैठकीसाठी आल्या होत्या आणि आल्यापासून एकेक शंका काढून ठेवत होत्या.

"हळद कुठं?"

"घरी, आक्का," बापूसाहेब म्हणाले.

"देवक?"

"घरीच. कन्यादान बी निघायच्या आधी घरीच. भटजी म्हणाले, टेकावर वाऱ्यात होम पेटायचा न्हाई, तवा सप्तपदी परत आल्यावर दारात. टेकावर नुस्तं अंतरपाट, मंगलाष्टकं, अक्षदा आन् माळा. अर्ध्या तासाचं काम."

"भटजी पाण्याला भ्यायचं न्हाईत का?"

"भ्यात्यात. मधल्या फळीवर बसवा, दोन्हीकडनं माणूस बसवा आन् पाण्याचा विषय काढू नगा म्हणालेत."

"वाजंत्री?"

"वाजंत्री न्हाई. होडीत ताशा घेतला तर भटजी खाली राहत्यात."

अनसाबाईंनी कपाळाला हात लावला. "मर्तिकाला बी ह्याहून जास्त वाजतं रे बापू."

"काय अभद्र बोलतीस."

"मग पोरीच्या लग्नात झांज तरी वाजू दे. कोंडिबाला सांग. मामा म्हणून नवरीमागं हुभाच राहणार हाय, हात मोकळंच असत्यात त्याचं."

कोंडिबा म्हणजे कस्तुराबाईंचा धाकटा भाऊ. हातात झांज घेऊन, नवरीच्या मागे गंभीर तोंडाने उभा असलेला आपला जाडजूड भाऊ कस्तुराबाईंच्या डोळ्यांपुढे आला आणि त्यांना फार बरं वाटलं. त्या पाण्याकडे बघत होत्या. पाणी उन्हाने चमकत होतं, उथळ भागात रोहित पक्ष्यांचा थवा माना खाली घालून उभा होता आणि टेक लांबवर धुरकट दिसत होतं. त्यांना वाटलं, महिनाभर राहिला. माघ आला की झालं.

बापूसाहेबांनी खिशातून सोसायटीच्या छापील कागदाची कोरी बाजू काढली, पेन्सिल जिभेला लावली आणि यादी धरली. "सोराजकडची चार. तो, त्याचं आईवडील आन् भैन. भैन करवली हाय, तिला ठेवता येत न्हाई. पाचवं भटजी. सहावी अनुपमा."

"तिला कशाला लिवतोस? तिच्याबिगर काय व्हणार हाय का?"

"जागा धरती का न्हाई होडीत? सातवा मी. आठवा कोंडिबा. नववी अंजना, ती आपली करवली. जावई येत न्हाईत, ते मांडवाचं बघणार." इथे बापूसाहेब थांबले, घसा साफ केला आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "आन् एक नाव साखर कारखान्याच्या साहेबांचं घालावं म्हणतो. एकटेच येतील. बिनबोभाट."

"साहेब एकटं?" अनसाबाई म्हणाल्या. "त्यांच्या संगट दोघं गडी, एक डायवर आन् हार घेऊन हुभा राहणारा एक. तुझी पोरगी काठावर राहील आन् साहेब टेकावर जात्याल. खोड ते."

"अजून लिवलंच न्हाई."

"मग लिवू नगंस. दहावी मी."

"दहावी आक्का," असं बापूसाहेबांनी लिहिलं, पेन्सिलीने खालून वर मोजलं आणि समाधानाने मान हलवली. मग त्यांची पेन्सिल थबकली. त्यांनी पुन्हा वरून खाली मोजलं. "च्यायला. कस्तुरा राहिली की."

पोरीची आई मोजायची राहून गेली म्हणून कस्तुराबाईंना वाईट वाटलं नाही. घरातलं माणूस धरलेलंच असतं. त्या म्हणणार होत्या, बघा पुन्हा एकदा, कोण कमी होतंय का. पण अनसाबाईंनी हातावरचे तीळ झटकले आणि अगदी सहज, कुणाचं वाईट मनात न धरता म्हणाल्या, "तिला कशाला जागा पायजे? आईनं बघायचं नसतंच की. कन्यादान जोडीनं घरी झालं, सप्तपदी माघारी आल्यावर घरी. मधी तेवढ्यात ती तुळशीला पाणी घालंल. रीतीला रीत राहिली आन् जागेला जागा."

बापूसाहेबांनी क्षणभर विचार केला. "व्हय की," ते म्हणाले. "हे बरोबर बसतंय."

आणि त्यांनी यादीखाली रेघ ओढली.

घोडं गंगेत न्हालं म्हणतात तसा त्यांचा चेहरा झाला होता. कस्तुराबाई त्या रेघेकडे बघत राहिल्या. तीन महिने त्यांनी ज्या टेकावर तुळस नाही म्हणून आनंद केला होता, त्या टेकावर आता त्याच नव्हत्या. मोठं लग्न मोडून छोटं केलं ते स्वतःला आत यायला मिळावं म्हणून, आणि ते एवढं छोटं झालं की त्याच बाहेर राहिल्या. कुणाशी भांडावं तेही कळेना, कारण कुणी वाईट वागलंच नव्हतं.

"वैनी, जरा आत या. चहाला हात लावा," मेहरून म्हणाली. चहा मघाशीच होऊन गेला होता. कस्तुराबाई उठून तिच्यामागे गेल्या.

चुलीपाशी मेहरूनने उगाच एक भांडं इकडचं तिकडं ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाली, "मला तुमच्यातलं काय कळत न्हाई. पन तुम्ही काठावर राहायचं?"

"रीत हाय आमच्यात."

"आमच्या रुबीच्या निकाहला मी तिच्या शेजारीच बसले व्हते. बाहेरनं तिचे मामू विचारायला आत आले, कबूल हाय का. पोरीच्या तोंडातनं शब्द फुटंना. दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तवा तिनं माझा हात असा दाबला, असा, आन् मग म्हनली कबूल." मेहरूनने आपल्याच एका हाताने दुसरा दाबून दाखवला. "पाच वर्सं झाली वैनी. अजून कवा कवा त्या हाताला ते जानवतंय."

कस्तुराबाईंनी तिच्या हाताकडे पाहिलं. त्यांना हेवा वाटला, सरळ सरळ हेवा, आणि त्या हेव्याची त्यांना लाजही वाटली नाही. अंजनाच्या लग्नातून त्यांच्या हाताला काय राहिलं होतं? तांब्या.

त्या बाहेर आल्या तेव्हा बापूसाहेब यादीची घडी करून खिशात घालत होते.

"अहो, थांबा," कस्तुराबाई म्हणाल्या. "मला होडीत बसायचंय."

"बस की. लगीन झाल्यावर आपण दोघं जाऊ एक दिवस. अकबर काय न्हाई म्हणतोय का."

"लगीन झाल्यावर न्हाई. लागताना. मला बघायचंय."

अनसाबाईंनी मान वर केली. "कस्तुरे, नजर लागती आईची. माझी आई सांगायची, तिची आई सांगायची."

"तुमच्या शब्दाभाईर मी कवा गेले न्हाई, वन्सं. आजबी तुमच्याशी वाद घालत न्हाई. मला ह्यांस्नी एक इचारायचंय." कस्तुराबाई नवऱ्याकडे वळल्या. "अंजनाच्या लग्नाची गोष्ट तुम्ही सांगता का न्हाई, पाव्हणं आलं की? अंतरपाट सरला आन् अंजनाला शिंक आली."

"तर," बापूसाहेब लगेच खुलले. "एवढी मोठी शिंक. मुंडावळ्या हालल्या. नवरदेव मागं सरला, सगळा मांडव हसाय लागला. तुला आठवतंय न्हवं?"

"बारा वर्सं झाली, दर खेपेला तुम्ही असंच इचारता. आठवतंय का गं. आन् मी व्हय म्हंते."

"मग?"

"मी तिथं नव्हते."

बापूसाहेबांना रीत ठाऊक नव्हती असं नाही. आत्ताच तर त्यांनी त्या रीतीच्याच भरवशावर यादीखाली रेघ ओढली होती. पण रीत वेगळी आणि आपली बायको वेगळी, ह्या दोन गोष्टी त्यांनी कधी एका ठिकाणी आणून बघितल्याच नव्हत्या. बारा वर्षं त्या शिंकेच्या आठवणीत कस्तुरा त्यांच्या शेजारी उभी होती, हिरवं लुगडं नेसून.

"मागच्या दारी बसले व्हते," कस्तुराबाई सांगू लागल्या. आवाज चढला नव्हता, पण थांबतही नव्हता. "पुढं लाउडस्पीकर. एक मंगलाष्टक झालं की आमदारसाहेबांचं आगमन झालेलं हाय, त्यांनी म्होरं यावं. दुसरं झालं की कारखान्याचे संचालक. मी मोजलं न्हाई, पन लई नावं झाली. तिसऱ्याला माझ्या तांब्यातलं पानी संपलं. उठून आणावं तर मधीच उठू नये म्हंत्यात. मग मी रिकामाच तांब्या ओतत बसले. भटजींनी दोन मंगलाष्टकं जास्तीची म्हटली तवर मी रिकामा तांब्या ओतत व्हते. मग लोक हसल्याचं ऐकू आलं. मला वाटलं कुणी पडलं का काय. शिंकंचं मला रातच्याला तुम्ही सांगितलं."

मेहरून दाराशी उभी होती. बापूसाहेबांनी खिशातला कागद पुन्हा काढला, उलगडला आणि पेन्सिल शोधू लागले. ती त्यांच्या कानावरच होती.

"माझं नाव खोडतो," ते म्हणाले. "ती जाईल."

"खुळा झालास का?" अनसाबाई म्हणाल्या. "बाप जित्ता असताना बापाबिगर लगीन लावायचं? मग पोरगी खरंच पळून गेल्यावानी व्हईल."

"मग कोण खोडू? कोंडिबा? मामाबिगर नवरी आणायची कुणी? भटजी खोडू?"

"भटजीला इचारून बघ, आनंदानं खोडून घेतील."

एरवी ह्यावर बापूसाहेब हसले असते. आत्ता ते कागदावरची दहा नावं पुन्हा पुन्हा वाचत होते. एवढ्यात मोटरची पटपट ऐकू येऊ लागली आणि रोहितांचा थवा उठून पलीकडे जाऊन बसला. होडी काठाला लागली. अनुपमा गुडघाभर पाण्यात उतरली, सलवारीचे काठ ओले, हातात चपला, चेहरा उन्हाने लाल. मागून स्वराज आणि अकबर.

"जागा आहे, आई," ती लांबूनच सांगत आली. "देवळाच्या पूर्वेला. दोन पाट बसतात, मागे मामा उभा राहील एवढं आहे. आणि तू ज्या पायऱ्यांचं सांगतेस ना, त्यातल्या सात वर आहेत, मी मोजल्या." जवळ आल्यावर तिला सगळ्यांचे चेहरे दिसले. "काय झालं?"

बापूसाहेबांनी कागद तिच्या हातात दिला. तिने वाचला. रेघेपाशी आली, परत वर गेली. "आई कुठंय ह्यात?"

कस्तुराबाईंनीच दोन वाक्यांत सांगितलं. अनुपमा ऐकत होती आणि तिच्या कपाळावरची शीर, जी अगदी बापासारखी होती, वर येत होती.

"अकबरचाचा, दोन खेपा करू," ती म्हणाली.

"वाऱ्याआधी दोन बसत्याल का बगावं लागंल," अकबर म्हणाला. "अंधारात निघालो तर बसत्याल."

"निघू. काय बिघडत नाही."

"न्हाई," कस्तुराबाई म्हणाल्या.

"आई, अगं तुझ्यासाठीच..."

"तुझा शब्द एका खेपंचा हाय. दुसरी खेप झाली म्हंजी त्यात नऊ जागा मोकळ्या. त्यात जावई बसत्याल, चुलते बसत्याल, साहेब बसत्याल. मग तिसरी. मला ह्यांचा सोभाव ठावं हाय."

बापूसाहेबांनी हे नाकारलं नाही. स्वराज म्हणाला, "मामी, मी आमच्याकडचं एक माणूस कमी करतो. घरी समजावून सांगतो."

"नगं बाबा. लग्नाआधीच पोरीच्या सासरचं माणूस खोडाय लावू नगंस." कस्तुराबाईंनी त्याच्या दंडाला हात लावला. पोरगा चांगला आहे हे त्यांना माहीत होतं, आता खात्री झाली. आणि नवल म्हणजे, एवढ्यात त्यांचं निम्मं दुःख उतरलंही होतं. बोलून टाकलं होतं. नवऱ्याने ऐकलं होतं. लेकीने स्वतःचा शब्द मोडायची तयारी दाखवली होती. राहिलं तर राहिलं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. पण ते खोटं होतं. राहिलं तर त्यांना जन्मभर लागणार होतं.

"बापू," अनसाबाई म्हणाल्या. "पेन्सिल घे."

बाजेवर मांडी घालून, पदर डोक्यावर घट्ट ओढून त्या इतका वेळ पाण्याकडे बघत बसल्या होत्या.

"अनसाबाई खोड. तिथं कस्तुरा लिव."

"आक्का, तू थोरली. तुझ्याबिगर..."

"लिव म्हंते ना. रीत मोडायची न्हाई. तुळशीला पाणी पडलंच पायजे, ते मी घालते. दोन घागरी भरून शेजारी ठेवते, म्हंजी पाणी संपायचं न्हाई. आईच्या जागी कुणीतरी बसलं की झालं. नजर लागायची असंल तर माझी म्हातारीची लागंल, आन् मी तर तिथं नसणारच."

ह्या हिशेबात कुठेतरी चूक होती, पण ती काढायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. बापूसाहेबांनी खोडलं आणि लिहिलं. त्यांचं अक्षर एरवी सोसायटीच्या ठरावावर कसं टपोरं यायचं. आत्ता 'कस्तुरा' वाकडं आलं.

अनुपमा आत्याला मिठी मारायला वाकली तशी अनसाबाईंनी तिला हाताने बाजूला सारलं. "लांब हो, ओली हायस." मग त्यांनी कस्तुराबाईंना खूण करून बाजेवर जवळ बोलावलं. तीस-बत्तीस वर्षांत नणंदेने असं शेजारी बसवलं नव्हतं. कस्तुराबाई कडेला टेकल्या.

"वन्सं, तुमास्नी बी बघायचं व्हतं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर केडगावाहनं आलात."

नकुशी अनसाबाईंची एकुलती लेक. तिचं लग्न झाल्याला वीस वर्षं झाली होती.

"नकुशीच्या लग्नात मी बी तुळशीपाशी," त्या म्हणाल्या. "आन् माझ्या सोताच्या लग्नात, अंतरपाट सरला, वरनं अक्षदा पडल्या आन् मी डोळं मिटून घेतलं. अकरा वर्सांची व्हते. उघडलं तवा सगळं झालं व्हतं. दुसऱ्याची लग्नं लई बघितली, पन माझं म्हणावं असं एक बी न्हाई."

त्यांनी कस्तुराबाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तवा ध्यानात ठेव. अक्षदा तोंडावर येत्याल, डोळ्यांत जात्याल. तू मिटू नगंस. सगळं बघ, आन् येऊन मला सांग."